गाडीवर नाव लिहिण्याआधी

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी आयुष्यात कधी गाडी घेतली नाही, आणि घ्यावी असं त्यांच्या मनातही आलं नसावं. रिक्षात बसल्या तरी दांडा घट्ट धरून, कुणी आपल्याला पळवून नेत असल्यासारख्या बसत. तरीही मोहन्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या आमच्या ओळखीपाळखीच्या जगात जुनी गाडी घ्यायची म्हणजे आधी बाईंना दाखवायची, असा रिवाजच पडून गेला होता. लोक ज्योतिषाला पत्रिका दाखवतात तशी. फरक इतकाच, की बाई दक्षिणा घेत नसत आणि भविष्य सांगत नसत. त्या फक्त भूतकाळ सांगत. तो मात्र सहसा बरोबर निघे.

बाई मूळच्या खाडीकाठच्या ख्रिस्ती गावातल्या. शेती आणि होड्या दोन्ही केव्हाच गेलेल्या. कल्याणला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. उंच, हाडापेराने मजबूत, सुती साडी, गळ्यात बारीक क्रूस आणि उजव्या हाताच्या नखांत कायम कुठला तरी रंग. मी त्याच शाळेत मराठी शिकवत होतो. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी होती, त्यामुळे त्यांचे बरेचसे शब्द माझ्या कानावरून गेले आहेत.

त्यांची नजर कशी होती ते सांगायचं तर त्यांच्या वर्गात जावं लागेल. एखादा मुलगा जलरंगात आभाळ रंगवून आणायचा. बाई तो कागद खिडकीसमोर तिरका धरत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "इथे तू उठून गेलेलास."

मुलगा गार. "पाणी प्यायला गेलेलो बाई."

"आणि आल्यावर वेगळा निळा कालवलास."

"संपलेला तो."

"संपू दे की. मग मला सांगायचं, बाई, इथून दुसरा निळा आहे. मी मार्क कापले नसते. वरून पुसलास कशाला?"

गाड्यांच्या बाबतीत त्या नेमकं हेच करत. दाराच्या पत्र्याकडे तिरकं बघून म्हणत, "इथे कोणीतरी उठून गेलंय."

या छंदाचं मूळ काय, याबद्दल शिक्षकांच्या खोलीत बरीच करुण संशोधनं झाली होती. कुणी म्हणे भाऊ अपघातात गेला, कुणी म्हणे लग्न ठरलेलं होतं आणि मुलगा जीपसकट दरीत गेला. मराठी माणसाला कुठल्याही छंदामागे एक मृत्यू लागतो. मी एकदा सरळ विचारलं. बाई म्हणाल्या, "सर, कोणी भलता शब्द वापरला की तुमचं तोंड कसं होतं, मी बघते ना रोज. तसं मला दोन पांढरे शेजारी शेजारी दिसले की होतं. बाकी काही नाही."

गाडी बघण्याचे त्यांचे नियम होते. सकाळीच बघायची, ऊन डोक्यावर यायच्या आत. धुतलेली ओली गाडी त्या बघत नसत. "ओल्या गाडीला सगळं माफ असतं," म्हणत. आधी पुढच्या कोपऱ्यात उकिडव्या बसून, फूटपट्टी सरळ आहे का ते बघावं तशी एका डोळ्याने सगळी बाजू बघायच्या. मग रुमालात गुंडाळलेलं एक चुंबक काढायच्या. फ्रिजवर लावायचं, आंब्याच्या आकाराचं. पत्र्यावर ते चिकटे आणि जिथे खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली असेल तिथे घरंगळे. बॉनेट उघडून स्क्रूच्या डोक्यावरचा रंग उडालाय का बघायच्या. रंग उडालेला स्क्रू म्हणजे तो कधीतरी उघडलेला. काचांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात साल असतं, ते चष्मा वर करून वाचायच्या. चार काचा एका सालच्या आणि पाचवी नंतरची, तर पाचवीला काय झालं हे मालकाला विचारायच्या. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून, आत पुराचा चिखल राहिलाय का ते बघायच्या. सगळं झाल्यावर मागच्या सीटवर बसून डोळे मिटायच्या. त्या वेळी सगळे आदराने गप्प उभे राहत. काही वर्षांनी मला कळलं, की त्या तेव्हा फक्त गुडघ्यांना विश्रांती देत असत.

निकाल देतानाही त्यांची एक रीत होती. 'घेऊ नका' असं त्या कधीच म्हणत नसत. काय झालं होतं तेवढं सांगत. "डावीकडून लागलंय. दार बदललंय, खांब शाबूत आहे. बघा आता." त्यांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असे: "कधी काहीच झालं नाही अशी गाडी मला नको आणि असा माणूसही नको. काय झालं ते सांगणारा पाहिजे." त्यांच्या या न्यायाने कित्येकांनी मार खाल्लेल्या गाड्या डोळे उघडे ठेवून घेतल्या आणि त्या आजही आमच्या भागात सुखाने धावत आहेत.

आमच्या पीटीच्या सरांना मात्र मार खाल्लेली गाडी नको होती. त्यांना कोलशेतला, जुन्या गाड्यांच्या एका काचेच्या दुकानात पांढरी गाडी आवडली होती. तिथे कुणी 'जुनी' म्हणत नाही, 'प्री-ओन्ड' म्हणतात. लिंबाचं सरबत देतात. गाडीवर लाल फीत बांधलेली असते आणि विकणारा मुलगा टाय लावून असतो. मी बाईंबरोबर गेलो होतो, कारण मला असे समारंभ बघायला आवडतात.

मुलाने सांगितलं, "मॅम, सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी आहे. एक स्क्रॅच पण नाही."

बाई बॉनेटसमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "बाळा, या गाडीने दसरे किती बघितले?"

"सॉरी मॅम?"

"दसरे. चार वर्षांची गाडी ना? मग चार."

"हो... असेल."

"आत आरशाला लिंबू-मिरचीचा दोरा आहे अजून. गणपती चिकटवलेला, त्याची खूण आहे. म्हणजे डॉक्टर देवभक्त. आणि बॉनेटवर स्वस्तिक एकदाही नाही काढलं?"

"मॅम, आम्ही पॉलिश करतो ना."

"हळद पॉलिशने जात नाही रे. पांढऱ्या रंगात मुरते. माझ्या शेजारच्या कुलकर्ण्यांची बघ जाऊन, दर दसऱ्याचं पिवळं मोजता येतं. नास्तिकाचं बॉनेट कोरं असतं, मला मान्य आहे. पण नास्तिक लिंबू टांगत नाही. हे बॉनेट गाडीपेक्षा वयाने लहान आहे."

दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांनी सरबत खाली ठेवलं. हिंदूंच्या कर्मकांडाचं हे ज्ञान गळ्यात क्रूस असलेल्या बाईंकडे कुठून आलं, असा प्रश्न त्या मुलाला पडलेला स्पष्ट दिसत होता. बाईंनी पुढे त्याला नम्रपणे सांगितलं, की विम्याच्या कागदावर दावा न केल्याबद्दलचा नो-क्लेम बोनस शून्य का आहे तेवढं फोन करून विचार आणि कंपनीच्या वर्कशॉपमधून नंबरवरून जुन्या कामांची नोंद काढून दे. मुलगा आत गेला तो परत आला नाही. त्याच्याऐवजी मॅनेजर आला आणि गाडीला 'मायनर फ्रंट', म्हणजे पुढून किरकोळ, लागलं होतं, असं म्हणाला.

"मग हे आधी सांगितलं असतं तर आम्ही घेतली असती," बाई म्हणाल्या, आणि पर्स उचलून निघाल्या. पीटीचे सर दाराशी जाऊन त्या लाल फितीकडे वळून वळून बघत होते.

हे सगळं गमतीचं होतं. बाईंना त्यात गमवण्यासारखं काही नव्हतं. तसं नसतं तेव्हा काय होतं, ते मी पुढे पाहिलं.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षसाहेबांची एकसष्टी होती. साहेब शिक्षणमहर्षी. ही पदवी आमच्या भागात दहावी अर्धवट सोडल्यावर कालांतराने आपोआप मिळते. त्यांनी शाळेला गाडी द्यायचं ठरवलं. बालवाडीची आणि पहिली-दुसरीची मुलं मोहन्याच्या टोकाच्या चाळींतून रिक्षात कोंबून येत, पुढच्या सीटवर रिक्षावाल्याच्या दोन्ही बाजूंना लोंबकळत. त्यांच्यासाठी गाडी, म्हणजे कल्पना उत्तमच होती. समारंभ शनिवारी. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे. 'कर्मयोगी' आणि 'दानशूर' हे शब्द आले पाहिजेत, असा निरोप होता. आणि गाडीवर शाळेचं नाव लिहायचं काम अर्थातच बाईंकडे. शाळेची एकूणएक पाटी त्यांच्या हातची. फाटकावरची, प्रयोगशाळेची, 'येथे थुंकू नये' सुद्धा.

गाडी गुरुवारी आली. जुनी, पण इतकी चकचकीत की मुलं तिच्यात बघून भांग पाडत होती. शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर बाईंनी रंगाचे डबे मांडले. अक्षरं सरळ यावीत म्हणून त्या आधी खडूची पूड लावलेला दोरा ताणून रेघ उठवत. दोऱ्याचं एक टोक मी धरलं. खिडक्यांखालच्या उठावाला समांतर अशी रेघ उठली. बाई दोन पावलं मागे गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"सर, रेघ पुसते. परत धरा."

परत धरलं. परत तेच. आमची रेघ आणि गाडीची खालची कड मागच्या बाजूला एकमेकींपासून जेवढ्या लांब होत्या तेवढ्या पुढे नव्हत्या. पुढे जाता जाता त्या जवळ येत होत्या. मला ते दिसायला वेळ लागला. दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

बाईंनी ब्रश रंगात न बुडवता बाजूला ठेवला आणि चुंबक काढलं. सरकत्या दाराच्या मागच्या खांबापाशी ते घरंगळलं. मग साडी खोचून त्या जमिनीवर आडव्या झाल्या, शाळेच्या मैदानात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि माझा फोन मागितला, बॅटरीसाठी. बऱ्याच वेळाने गाडीखालून आवाज आला.

"खालचा सांगाडा कापून जोडलाय. वर काळा रंग फासलाय, ताजा. पुढची गाडी एक आणि मागची दुसरी आहे, सर."

हेडसरांना बोलावलं. हेडसर सज्जन होते. सज्जन माणसाला शनिवारच्या समारंभाची पत्रिका छापून झाल्यावर शुक्रवारी संध्याकाळी असं काही सांगू नये.

"बाई, कागद सगळे आहेत हो गाडीचे."

"कागद असतील. रेघ नाही."

"पण तुम्हाला गाडीतलं... म्हणजे, तुम्ही काही इंजिनीअर नाही."

"नाहीच. मला गाडी चालवता पण येत नाही. कोणाला तरी दाखवा, दहा मिनिटं लागतील."

"समारंभ होऊ दे, मग दाखवू. आत्ता नाव तेवढं लिहा."

"नाव लिहिलं की सोमवारी पोरं बसणार."

हेडसर जरा जवळ आले. मग अगदी हळू, बाईंच्याच भल्याचं सांगावं तसे म्हणाले, "एप्रिलात तुम्ही रिटायर होताय. खोलीचा तुमचा अर्ज साहेबांकडे आहे. समारंभ झाला की सही करतो म्हणालेत."

खोली म्हणजे चित्रकलेची खोली. शाळेत उत्तरेची खिडकी असलेली ती एकच. तिथला उजेड दिवसभर हलत नाही. मोहन्याचा जुना कारखाना बंद झाल्यापासून तिथल्या कामगारांच्या मुलांना बाई शाळा सुटल्यावर त्या खोलीत ग्रेड परीक्षेसाठी फुकट शिकवत. निवृत्तीनंतरही तेवढी खोली संध्याकाळची वापरू द्यावी, एवढंच त्यांनी संस्थेकडे मागितलं होतं. आयुष्यात संस्थेकडे मागितलेली ती एकच गोष्ट. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, अमेरिकेला जातात. बाईंना त्या खिडकीपाशी जायचं होतं.

त्यांनी वर, पहिल्या मजल्यावरच्या त्या खिडकीकडे पाहिलं. मग रंगाच्या डब्यांना एकेक करून झाकणं लावली.

"सर, फाटकावर हे नाव मी लिहिलंय. आया ते वाचून पोरं आत सोडतात. या गाडीवर मी ते लिहिणार नाही. दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या, पण मग साहेबांना मी सांगणार."

दुसरं कोण लिहिणार? हेडसरांनी शेवटी भारतीय मार्ग काढला. साहेबांच्या हसऱ्या चेहऱ्याचा एक भलामोठा फ्लेक्स गाडीच्या कोऱ्या बाजूवर बांधून टाकला.

शनिवारी बेंजो होता, ओवाळायला पाच सुवासिनी होत्या, नारळ होता. साहेब आले. पांढरे कपडे, गळ्यात गुडघ्यापर्यंत हार. फोटोग्राफर म्हणाला, साहेब, शाळेच्या नावाबरोबर एक घेऊ. साहेबांनी स्वतःच्या चेहऱ्याचा कोपरा उचलून खाली बघितलं.

"नाव कुठंय? का नाय टाकलं?"

हेडसरांनी बाईंकडे पाहिलं. बाई गर्दीतून पुढे आल्या. इस्त्रीची साडी, हातात खडूचा दोरा.

"मी लिहिलं नाही साहेब."

"कशाला?"

"या गाडीला मोठा मार लागलेला आहे. कापून जोडलीय. तुम्हाला कोणीतरी फसवलंय."

मी भाषेचा शिक्षक आहे म्हणून सांगतो, त्या दिवशी मैदानात बोलल्या गेलेल्या हजारो शब्दांतलं सर्वांत शहाणं वाक्य ते शेवटचं होतं. माझं मानपत्र धरून.

"बाई, तुम्ही चित्रकलेच्या ना?"

"हो."

"मग?"

"मग तुम्हीच बघा." असं म्हणून बाईंनी दोऱ्याचं एक टोक साहेबांच्या हातात दिलं. साहेबांच्या आयुष्यात त्यांच्या हातात लोकांनी कात्र्या दिल्या होत्या, नारळ दिले होते, दोरा कुणी दिला नव्हता. त्यांनी तो घेतला. बाईंनी फ्लेक्स सोडला, दुसरं टोक ओढून मागच्या दिव्यापाशी गेल्या आणि ताणला. "तुमच्या बाजूला खालची कड बघा. आता माझ्या बाजूला या."

हार सावरत साहेब वाकले. दोरा माझ्याकडे देऊन मागे गेले, तिथे वाकले. बेंजोवाल्यांनी आपणहून वाजवणं थांबवलं. सुवासिनी ताटं घेऊन एका बाजूने वाकून बघायला लागल्या. मागे दोरा आणि कड यांच्यात मूठ बसत होती, पुढे दोन बोटं.

"पुन्हा धर," साहेब मला म्हणाले. मी पुन्हा धरला. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग तडक मंचावर गेले आणि आपल्या माणसाला, माईक चालू असल्याचं विसरून, म्हणाले, "गाडी काढ इथनं. आत्ता. आणि तुझ्या त्या मेव्हण्याला संध्याकाळी घेऊन ये."

मानपत्र तरीही वाचलं गेलं. त्यात 'दूरदृष्टी' हा शब्द मी दोनदा वापरला होता. दुसऱ्या वेळी लोक हसले.

खोलीच्या अर्जावर सही झाली नाही. कुणी नाहीही म्हणालं नाही. ती संस्थेची पद्धत नव्हे. एप्रिलात बाईंना शाल आणि नारळ मिळाला आणि मे महिन्यात त्या खोलीत मोडकी बाकं रचून कुलूप लागलं. चारचौघांत कुणी आपल्याला दोरा धरायला लावला, हे साहेब विसरण्यातले नव्हते. बाईंनी मोहन्यातल्याच एका व्यायामशाळेची पत्र्याची शेड मिळवली आणि डंबेल्स बाजूला सरकवून वर्ग सुरू केला. मी अधूनमधून जातो. त्यांची तक्रार एकच असते, ती मुलांसमोर असते आणि शिकवण्याचा भाग म्हणून असते: "हा उजेड दक्षिणेचा आहे. फिरतो. म्हणून सावली पटकन पकडा आणि तिच्याशी प्रामाणिक राहा."

जून उलटून गेल्यावर साहेबांनी शाळेसाठी दुसरी गाडी पाहिली. हीही जुनीच. पण ती शाळेत आली नाही. ड्रायव्हर ती थेट व्यायामशाळेच्या शेडपुढे घेऊन आला आणि म्हणाला, "साहेबांनी पाठवलंय. बोलले, बाईंना दाखव. त्या हो बोलल्या तरच शाळेत ने."

मी तिथेच होतो. बाईंच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही दिसला नाही. त्या म्हणाल्या, "ओली आहे. वाळू दे." मुलांना सावल्या काढायला लावून त्या गाडीभोवती फिरल्या. उकिडव्या बसल्या, आडव्या झाल्या. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, मागून ठोकलेली एकदा. बंपर नवा आहे. घेतानाच त्यांनी सांगितलेलं."

"दिसतंय," बाई म्हणाल्या. "बरं केलं सांगितलं." आणि एका मुलीला शेडमधून रंगाचे डबे आणायला पाठवलं.

हेडसरांनी तोवर कल्याणहून चकाकणाऱ्या कागदाची अक्षरं कापून आणली होती, चिकटवायची. ती अजून कार्यालयाच्या कपाटात आहेत.

परवा मुलांना गाडीत बसवायची पाळी माझी होती. मोहन्याच्या टोकाला चाळीपाशी गाडी थांबली. एक आई नवीन आली होती राहायला, मुलाचा शाळेचा पहिला दिवस. पोर चढायला निघालं तसं तिने त्याला दंडाला धरून मागे घेतलं. मला वाटलं, रडवेली झाली असेल. ती गाडीच्या बाजूला गेली आणि शाळेच्या नावावरून बोट फिरवायला लागली. अक्षराची कड बोटाला लागते का ते बघत होती.

"सर, हे हातानेच लिहिलंय ना?"

"हो."

"त्या चित्रकलेच्या बाईंनी? शेजारच्या बोलल्या, बघून घे म्हणून."

"त्यांनीच."

तिने आधी दप्तर आत ठेवलं. मग पोराला उचलून खिडकीपाशी बसवलं.